जाहिरातीचं मानसशास्त्र डेटिंगमध्ये कुठे चालतं आणि कुठे फसतं

१९२० मध्ये जॉन वॉटसन या नावाजलेल्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातली नोकरी सोडावी लागली. तो विवाहित होता आणि प्रयोगशाळेतली सहकारी रोझली रेनर हिच्याशी त्याचं जमल्याचं चव्हाट्यावर आलं होतं. वॉटसन मग न्यूयॉर्कला जे. वॉल्टर थॉम्पसन या जाहिरात कंपनीत रुजू झाला आणि तिथे बराच वर चढला. माणसाच्या वागण्याचं शास्त्र जाहिरातीच्या धंद्यात आलं त्याला बरीच कारणं होती. त्यातलं एक हे असं प्रेमाचं.

त्या कंपनीला प्रेमाचा विषय नवा नव्हता. १९१९ मध्ये तिथल्याच जेम्स वेब यंगने ओडोरोनो या घाम रोखणाऱ्या औषधाची जाहिरात लिहिली होती. तिचा मथितार्थ असा की तुमच्या अंगाला वास येत असेल, तुम्हाला तो कळत नसेल आणि कोणी तोंडावर सांगणारही नाही. काही वाचक इतके चिडले की त्यांनी ती जाहिरात छापणाऱ्या मासिकाची वर्गणीच बंद केली. विक्री मात्र वाढली. पुढे लिस्टरिनने श्वासाच्या दुर्गंधीबाबत तेच केलं. आधी माणसाला त्याच्यात काय कमी आहे ते सांगायचं आणि मग त्यावरचा उतारा विकायचा.

पुरुषांना डेटिंगचे धडे देणारे आज नेमकं हेच करतात. ‘तू पुरेसा पुरुष नाहीस, हा कोर्स घे.’ त्यामुळे ‘जाहिरातीच्या मानसशास्त्रातून आकर्षणाबद्दल शिका’ असं म्हटलं की लोकांना वाटतं, आता युक्त्या येणार. भाव खा, टंचाई दाखव, उत्तर तीन तासांनी दे, दुसऱ्या मुलींबरोबरचे फोटो टाक. जाहिरातीच्या धंद्यात हे असतंच, नाही कशाला म्हणा. पण चांगली एजन्सी आपला बराचसा वेळ यावर घालवत नाही. माल कोणासाठी आहे, कोणासाठी नाही, त्याच्याबद्दल खरं काय सांगता येईल, किती वेळा सांगायचं आणि ऐकणाऱ्याची प्रतिक्रिया नक्की काय होती, या कंटाळवाण्या प्रश्नांत तिचा दिवस जातो. पुरुष उचलतात तो दिखाऊ भाग. उपयोगाचा आहे तो कंटाळवाणा.

नुसतं दिसत राहणं

जाहिरातीतलं सगळ्यात साधं तत्त्व म्हणजे पुनरावृत्ती. त्याला शास्त्रीय आधार दिला रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने, १९६८ मध्ये. त्याने लोकांना निरर्थक शब्द, चिनी लिपीसारखी दिसणारी चिन्हं, अनोळखी चेहऱ्यांचे फोटो दाखवले; काही एकदा, काही अनेकदा. जे जास्त वेळा दिसलं ते लोकांना जास्त आवडलं. कोणी काही पटवून दिलं नव्हतं, बक्षीस नव्हतं. गोष्ट परिचयाची झाली, एवढंच.

माणसांच्या बाबतीत याचा फार सुरेख प्रयोग रिचर्ड मोरलँड आणि स्कॉट बीच यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केला. दिसायला साधारण एकसारख्या अशा चार तरुणी निवडल्या. एक विद्यापीठातल्या एका मोठ्या वर्गात कधीच गेली नाही. बाकीच्या तिघी सत्रभरात अनुक्रमे ५, १० आणि १५ तासांना येऊन बसल्या. कोणाशी बोलायचं नाही, नुसतं बसायचं आणि निघून जायचं. सत्राच्या शेवटी वर्गातल्या विद्यार्थ्यांना चौघींचे फोटो दाखवले. जी जास्त वेळा आली होती ती जास्त आकर्षक वाटली. गंमत म्हणजे आपण हिला पाहिलंय हे फारच थोड्यांच्या लक्षात होतं.

त्याहीआधी, १९५० मध्ये, लिओन फेस्टिंगर आणि सहकाऱ्यांनी एमआयटीच्या विद्यार्थी वसाहतीत कोणाची मैत्री कोणाशी झाली ते नोंदवलं होतं. शेजारच्या दारातल्यांशी मैत्री सर्वांत जास्त, चार दारं सोडून राहणाऱ्यांशी बरीच कमी.

इथपर्यंत वाचून एखादा म्हणेल, ठरलं, आता रोज मेसेज टाकतो. थांबा. १९७२ मध्ये फिलिप ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की सुरुवातीलाच नावडती असलेली गोष्ट पुन्हा पुन्हा दाखवली तर ती आणखी नावडती होते. १९७६ च्या एका अभ्यासात तर असं दिसलं की मित्रांसारखेच लोकांचे नावडते शेजारीही जवळच राहत होते. जवळीक जे असेल ते वाढवते. मूळ भावना तटस्थ किंवा बरी असेल तर फायदा, नाहीतर तोटा.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते आणि ती सहसा कोणी सांगत नाही. वर्गात येऊन बसणाऱ्या त्या तरुणी कोणाकडे काही मागत नव्हत्या. भिंतीवरची जाहिरातही मागत नाही. बघा किंवा पुढे चला. मेसेज मागतो. प्रत्येक ‘हाय’ आणि ‘काय करतेस’ समोरच्याला एक छोटं काम देतो: उत्तर दे किंवा न देण्याचा अपराधीपणा घे. पंधरा मेसेज म्हणजे पंधरा वेळा दिसणं नव्हे, पंधरा वेळा हात पसरणं आहे. झायन्सचा नियम त्याला लागू पडत नाही.

मग लागू कशाला पडतो? जिथे तीच माणसं आठवड्यामागून आठवडे भेटतात आणि कोणी कोणाचं काही देणं लागत नाही, अशा जागांना. नाटकाचा ग्रुप, ट्रेकिंगची टोळी, भाषेचा वर्ग, वाचनकट्टा, स्वयंसेवी काम. तिथे तुम्ही बायको शोधायला गेलेले नसता, त्या गोष्टीसाठी गेलेले असता, आणि ते दिसतं. डेटिंग ॲपवर ही सोय नाही. तिथे एकाच नजरेत निकाल लागतो, म्हणून बुजऱ्या किंवा हळूहळू खुलणाऱ्या माणसाची तिथे सर्वांत जास्त गैरसोय होते. तुम्ही तसे असाल तर सगळा जोर ॲपवर लावणं म्हणजे चुकीच्या माध्यमावर पैसे खर्च करणं आहे. जाहिरात कुठे द्यायची हे ठरवणारा कोणताही मीडिया प्लॅनर हेच सांगेल.

खोट दाखवणारी जाहिरात

१९६० मध्ये फोक्सवॅगनच्या छोट्या गाडीची एक जाहिरात आली. वर गाडीचा फोटो, खाली एकच शब्द: ‘लेमन’, म्हणजे अमेरिकन बोलीत डबडा गाडी. खालचा मजकूर वाचला की कळायचं की या गाडीच्या डॅशबोर्डमधल्या कप्प्यावरच्या क्रोमच्या पट्टीला बारीकसा डाग होता, म्हणून कंपनीच्या तपासनिसाने ती बाजूला काढली. डॉइल डेन बर्नबॅक या एजन्सीचं हे काम. १९६२ मध्ये याच एजन्सीने एव्हिस या गाड्या भाड्याने देणाऱ्या कंपनीसाठी जाहीरच करून टाकलं की आम्ही दुसऱ्या क्रमांकावर आहोत, म्हणून जास्त झटतो.

साधारण त्याच काळात, १९६६ मध्ये, इलियट ॲरन्सन या मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग केला. प्रश्नमंजूषेतल्या स्पर्धकाची ध्वनिफीत लोकांना ऐकवली. एक स्पर्धक ९२ टक्के उत्तरं बरोबर देणारा, दुसरा जेमतेम ३० टक्के. काही फितींमध्ये शेवटी स्पर्धकाच्या हातून कॉफी सांडून कपडे खराब होतात. हुशार स्पर्धकाने कॉफी सांडली तर तो लोकांना जास्त आवडला. सुमार स्पर्धकाने सांडली तर होता त्यापेक्षा कमी.

हा प्रयोग प्रेमाबद्दल नव्हता, हे लक्षात असू द्या. पण त्यातली अट फार मोलाची आहे. खोट माणसाला जवळचं करते, पण ती टिकेल असा पाया खाली असावा लागतो. ‘मी अगदीच बावळट आहे, माझं काही खरं नाही’ हे पहिल्या भेटीत दहादा म्हणणारा पुरुष नम्र वाटत नाही. तो समोरच्या व्यक्तीवर आपली समजूत काढायचं काम टाकतो.

‘लेमन’ची खरी करामत वेगळीच आहे. सांगितलेली खोट छोटी होती आणि तिच्यातून एक मोठा गुण आपोआप सिद्ध होत होता: इतक्या बारीक डागावरून गाडी अडवतात म्हणजे तपासणी किती कडक असेल. ‘आमची तपासणी कडक असते’ असं थेट लिहिलं असतं तर कोणी वाचलंही नसतं. प्रोफाइलवर ‘प्रामाणिक, विनोदी, समजूतदार’ लिहिणाऱ्यांनी यावर जरा विचार करावा. हे तीन शब्द कोणीही लिहू शकतो, लबाड माणूस तर आधी लिहितो. त्याऐवजी ‘दोन वर्षं बासरी शिकतोय, शेजारी अजून बोलतात माझ्याशी’ या एका ओळीत चिकाटी आहे, स्वतःवर हसणं आहे आणि पुढे विचारायला एक प्रश्नही आहे. अर्थात बासरी खरोखर शिकत असाल तर.

टंचाईची युक्ती आणि तिचा खरा अर्थ

आता सगळ्यांच्या आवडीचा विषय. ‘शेवटचे दोनच शिल्लक’ हे वाक्य आपल्यावर काम करतं. १९७५ मध्ये स्टीफन वॉर्चेल आणि सहकाऱ्यांनी लोकांना बरणीतली बिस्किटं दिली. कोणाच्या बरणीत १०, कोणाच्या फक्त २. बिस्किटं तीच, पण दोनवाल्यांना ती जास्त हवीहवीशी वाटली. यावरून डेटिंगच्या गुरूंनी निष्कर्ष काढला: दुर्मीळ व्हा, भाव खा.

एलेन वॉल्स्टर आणि तिच्या सहकाऱ्यांनाही भाव खाण्याचा फायदा होतो असंच वाटत होतं. ते सिद्ध करण्यासाठी त्यांनी एकामागून एक प्रयोग केले आणि ते फसले. सहज न मिळणारी बाई पुरुषांना जास्त आवडते असं काही दिसेना. शेवटी १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात उत्तर सापडलं. संगणकाने जोड्या जुळवणाऱ्या सेवेचं निमित्त करून पुरुषांना काही स्त्रियांची माहिती दिली. एकीला सगळेच पुरुष बरे वाटलेले, एकीला कोणीच फारसं आवडलेलं नाही, आणि एकीला बाकी कोणात रस नाही पण नेमका हा माहिती वाचणारा पुरुष आवडलेला. पसंती पडली ती या तिसरीला.

म्हणजे दुर्मीळता जगासाठी हवी, तुमच्यासाठी नको. जी व्यक्ती निवड करते आणि निवड करून तुमच्याकडे येते, तिचं येणं मोलाचं वाटतं. हा प्रयोग पुरुषांच्या पसंतीवर केलेला होता, पण तर्क उलट्या बाजूनेही समजायला अवघड नाही. पन्नास जणींना एकच मेसेज चिकटवणारा माणूस सगळे आवडणाऱ्या त्या पहिलीच्या जागी उभा असतो. तीन तासांनी मुद्दाम कोरडं उत्तर देणारा कोणीच न आवडणाऱ्या दुसरीच्या जागी. दोघांनाही वाटतं आपण डावपेच खेळतोय.

अर्थशास्त्रातही याच्याशी जुळणारा विचार आहे. मायकेल स्पेन्सने १९७३ मध्ये मांडलं की ज्या संकेताची नक्कल करणं खोट्या माणसाला महाग पडतं, तोच संकेत विश्वासार्ह असतो. पुढे २००१ मध्ये त्याला नोबेल मिळालं. फिलिप नेल्सनने १९७४ मध्ये हाच प्रकार जाहिरातीला लावला: महागडी जाहिरात करणं परवडतं ते ज्याला गिऱ्हाईक परत येईल याची खात्री आहे त्यालाच, म्हणून जाहिरातीचा खर्च हीच एक बातमी असते. डेटिंगमध्ये पैशाचा देखावाही संकेत असतोच, पण तो फक्त पैशाबद्दल बोलतो आणि पैशासाठी येणाऱ्यांनाच नेमका ऐकू जातो. नक्कल करायला खरोखर महाग अशी गोष्ट म्हणजे लक्ष. मागच्या वेळी ती म्हणाली होती की बहिणीची मुलाखत आहे, आणि आज तुम्ही विचारलंत की ती कशी झाली. पन्नास जणींच्या बाबतीत हे कोणालाच जमत नाही.

खोट्या टंचाईबद्दल एक चाचणी मी सुचवेन. जे केलंत ते नंतर त्या व्यक्तीला हसत सांगता येईल का? ‘तुझ्यावर छाप पडावी म्हणून मी शर्ट इस्त्री केला होता’ हे सांगता येतं. ‘तुला अस्वस्थ करायला मी मुद्दाम दोन दिवस गायब झालो होतो’ हे सांगून बघा.

धाडसी पहिल्या भेटीबद्दलही एक दोन वाक्यं, कारण हा प्रयोग सगळीकडे अर्धवट सांगितला जातो. १९७४ मध्ये डोनाल्ड डटन आणि आर्थर ॲरन यांनी कॅनडातल्या कॅपिलानो झुलत्या पुलावर पुरुषांना एका तरुणीमार्फत प्रश्नावली भरायला दिली आणि तिचा फोन नंबरही दिला. नंबर घेतलेल्यांपैकी झुलत्या पुलावरच्या १८ जणांतल्या ९ जणांनी नंतर फोन केला; तुलनेसाठी घेतलेल्या दुसऱ्या, भक्कम पुलावरच्या १६ पैकी दोघांनीच. धडधडणाऱ्या काळजाचं श्रेय त्यांनी तिला दिलं, असा अर्थ लावला गेला. त्यावरून ‘डेटला रोलर कोस्टरवर न्या’ हा सल्ला निघाला. पण १९८१ मध्ये ग्रेगरी व्हाइट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की धडधड वाढली की आकर्षक व्यक्ती जास्त आकर्षक वाटते आणि अनाकर्षक व्यक्ती आणखीच नकोशी. पुन्हा तेच: जे आहे ते वाढतं.

सर्वेक्षणात एक, प्रत्यक्षात एक

कोका-कोलाने १९८५ मध्ये आपल्या पेयाची चव बदलली. निर्णय घाईचा नव्हता; सुमारे दोन लाख लोकांना चव देऊन बघितली होती आणि नवी चव लोकांनी पसंत केली होती. एप्रिलमध्ये नवा कोक आला, जनता खवळली आणि जुलैमध्ये जुनी चव परत आणावी लागली. घोटभर चाखताना लोक जे सांगतात आणि आयुष्यात जे निवडतात त्यात अंतर असतं, हे त्या धंद्याला त्या उन्हाळ्यात नीटच कळलं.

आकर्षणातलं असंच अंतर पॉल ईस्टविक आणि एली फिंकेल यांनी २००८ मध्ये मोजलं. स्पीड डेटिंगला आलेल्यांना आधी विचारलं की जोडीदारात काय हवं. स्त्रिया कमाईला जास्त महत्त्व देतात आणि पुरुष रूपाला, हे नेहमीचं उत्तर आलं. मग प्रत्यक्ष भेटी झाल्या. कोणाला कोण आवडलं हे पाहिलं तर त्या आधी सांगितलेल्या यादीचा निवडीशी फारसा संबंध नव्हता, आणि रूप-कमाईबाबतचा स्त्री-पुरुष फरकही भेटींमध्ये दिसला नाही. २०१७ मध्ये समांथा जोएल, ईस्टविक आणि फिंकेल यांनी आणखी पुढे जाऊन प्रत्येक सहभागी व्यक्तीकडून शंभराहून अधिक गोष्टींची माहिती भरून घेतली आणि ती मशीन लर्निंगला दिली. कोण एकंदरीत लोकप्रिय ठरेल आणि कोणाला सगळेच आवडतात याचा थोडाफार अंदाज यंत्राला आला. या विशिष्ट व्यक्तीला ही विशिष्ट व्यक्ती आवडेल का, हे सांगता आलं नाही.

‘बायकांना नेमकं काय हवं असतं’ या मथळ्याखाली येणाऱ्या याद्या मी म्हणूनच वाचत नाही. त्या खऱ्या असल्या तरी सरासरीच्या असतात, आणि जेवायला सरासरी येत नाही, एक माणूस येतो. जाहिरातवाल्यांनी यावर काढलेला तोडगा म्हणजे पोझिशनिंग: सगळ्यांना थोडंथोडं आवडण्याऐवजी काही जणांना नेमकं कळेल असं राहायचं आणि बाकीचे निघून जातील हे मान्य करायचं. बुद्धिबळाचं वेड लपवून प्रोफाइलवर ‘मला फिरायला आवडतं’ लिहिलं तर कोणी नाराज होत नाही, आणि जिच्याशी रात्री दोनपर्यंत पटावर बसता आलं असतं तीही पुढे सरकते. प्रोफाइलचं निम्मं काम नको असलेल्यांना लवकर परत पाठवणं हे आहे. नकारांची संख्या वाढली तर प्रोफाइल ते काम करतंय असाही अर्थ निघतो, जरी त्या संध्याकाळी तसं वाटत नसलं तरी.

(एक गोष्ट इथेच नोंदवतो: यातले बहुतेक अभ्यास अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांवर आणि स्त्री-पुरुष आकर्षणावर झालेले आहेत. वय, समाज किंवा लैंगिक कल वेगळा असेल तर दिशा घ्या, आकडे नकोत.)

प्रतिक्रिया वाचणं

जाहिरात आणि डेटिंग यांतला मूळ फरक असा की साबणाला गिऱ्हाईक कोण हे निवडायचं नसतं. तुम्हाला निवडायचं असतं, आणि समोरच्यालाही. त्यामुळे भेटीत सतत स्वतःची मांडणी करत राहणारा पुरुष निम्मी माहिती वाया घालवतो. ती आपल्याला आवडतेय का, हे त्याने तपासलेलंच नसतं. आर्थर ॲरनने १९९७ मध्ये अनोळखी लोकांच्या जोड्यांना हळूहळू खोल जाणारे ३६ प्रश्न एकमेकांना विचारायला लावले. तासाभराच्या आत त्यांच्यात वरवरच्या गप्पा मारणाऱ्या जोड्यांपेक्षा जास्त जवळीक निर्माण झाली. ते प्रश्न पाठ करून जायची गरज नाही. त्यातलं चाललेलं तंत्र म्हणजे पाळीपाळीने थोडंथोडं उघडं होणं.

पुरुष प्रतिक्रिया वाचण्यात मात्र एका ठरावीक दिशेने चुकतात. अँटोनिया ॲबी हिने १९८२ मध्ये एका स्त्री-पुरुषाला पाच मिनिटं गप्पा मारायला लावल्या आणि दुसऱ्या जोडीला ते लपून बघायला सांगितलं. बोलणाऱ्या आणि बघणाऱ्या, दोन्ही पुरुषांना त्या स्त्रीच्या साध्या मोकळेपणात जास्त लैंगिक रस दिसला. स्त्रियांना तेवढा दिसला नाही. नंतरच्या अनेक अभ्यासांत असाच कल आढळला. जाहिरातीच्या भाषेत हे म्हणजे जाहिरात बघितलेल्या प्रत्येकाला गिऱ्हाईक समजणं. हसणं, सभ्य उत्तर, ‘बघू कधीतरी’ यातलं काहीही मागणी नसते. उलट प्रश्न विचारणं, वेळ नसेल तर दुसरी वेळ स्वतःहून सुचवणं, आपल्याकडून संभाषण पुन्हा सुरू करणं, या गोष्टी मागणीच्या जवळ जातात.

कळत नसेल तर विचारावं. व्हनेसा बॉन्स आणि लॉरेन डीव्हिन्सेंट यांच्या २०१९ च्या संशोधनात असं दिसलं की विचारणाऱ्याला वाटतं त्यापेक्षा नकार देणाऱ्याला नकार देणं जास्त जड जातं. म्हणून प्रश्नातच नकाराला सोपी वाट ठेवायची: ‘शनिवारी त्या प्रदर्शनाला जाणार आहे, यावंसं वाटलं तर कळव, नाही जमलं तरी काही हरकत नाही.’ आणि मग गप्प बसायचं. इंटरनेटवरच्या जाहिरातींत फ्रीक्वेन्सी कॅप नावाची मर्यादा असते. एका माणसाला तीच जाहिरात किती वेळा दाखवायची हे आधीच ठरवून ठेवतात, नाहीतर तो वैतागतो. विचारण्याच्या बाबतीत ती एकवर ठेवावी. नंतर तिला वाटलंच, तर तुमचा नंबर तिच्याकडे आहे.